‘चार्ज’ : एका शब्दाचा भार

इंग्रजी भाषेचे सामर्थ्य कशात आहे, असा प्रश्न निघाला म्हणजे सामान्यतः तिच्या अफाट शब्दसंग्रहाकडे बोट दाखविण्यात येते. आमच्या मते हे अर्धेच सत्य आहे. नित्याच्या वापरातले मूठभर लहान शब्द घेऊन त्यांच्याकडून शेकडो कामे करवून घेणे, ही त्या भाषेची खरी हातोटी होय. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचे नवे संस्करण चालू असताना ‘रन’ ह्या एका क्रियापदाखाली सहाशेंहून अधिक अर्थ नोंदले गेल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. वस्तुतः त्यात नवल नव्हते. जॉन्सनने १७५५ मध्ये आपला कोश प्रसिद्ध केला, त्याही वेळी जडजंबाल शब्दांनी त्याला फारसे छळले नव्हते. त्याचा घाम काढला तो अशाच घरगुती, लहानखुऱ्या क्रियापदांनी. विद्वानाच्या शब्दाला एक अर्थ असतो आणि बाजारातल्या शब्दाला दहा असतात, हा नियम सर्वच भाषांना लागू आहे.

अशा बहुरूपी शब्दांपैकी एकाचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे. तो शब्द म्हणजे ‘चार्ज’. परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. दिल्ली असो, भोपाळ असो की कोलकाता असो, बदलीच्या गावी पोचल्यावर नव्या अधिकाऱ्याची पहिली सही होते ती चार्ज-रिपोर्टावर, आणि गाव सोडताना शेवटची सहीही त्याच जातीच्या कागदावर. मधल्या काळात हाच शब्द त्याला विजेच्या देयकात भेटतो, वृत्तपत्रातल्या लाठीमाराच्या बातमीत भेटतो, न्यायालयाच्या निकालात भेटतो, आणि दैव फिरले तर विभागीय चौकशीच्या ज्ञापनातही भेटतो. इतक्या ठिकाणी भेटणारा हा शब्द एकच आहे की ह्या एका नावाच्या चार निरनिराळ्या असामी आहेत, आणि आम्ही मराठीत त्याला जे प्रतिशब्द देतो ते त्याचा कितपत न्याय करतात, हे पाहणे उद्बोधक ठरावे.

प्रथम मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. तो शब्दही लॅटिनने गॉल लोकांकडून उसना घेतलेला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये गाड्यावर माल लादणे ह्या अर्थाचे क्रियापद निघाले, ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘शार्जे’च्या रूपाने आले, आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या मागोमाग इंग्रजीत उतरले. रस्त्यावरची ‘कार’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ ही ह्याच कुळातली मंडळी. इतकेच नव्हे, तर इटालियनमधून आलेला ‘कॅरिकेचर’ हा शब्दही ह्याच मुळाचा. कारण व्यंगचित्रकार एखाद्याच्या नाकावर किंवा हनुवटीवर वाजवीपेक्षा जास्त वजन लादतो. तेव्हा ‘चार्ज’ ह्या शब्दाच्या मुळाशी जे चित्र आहे ते अगदी साधे आहे: एक गाडा, आणि त्यावर चढविलेले ओझे.

ह्या एका चित्रातून पुढचे सारे अर्थ निघाले. माणसाच्या खांद्यावर कामाचे ओझे ठेवले की तो ‘चार्ज’ झाला कर्तव्याचा. ज्या व्यक्तीचा सांभाळ करावयाचा, ती व्यक्तीच त्या सांभाळणाराचा ‘चार्ज’. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली दाई आपल्या ताब्यातील मुलांना ह्याच शब्दाने ओळखते. मालमत्तेवर देण्याचे ओझे ठेवले की बोजा, गिऱ्हाइकावर ठेवले की किंमत. माणसाच्या माथी अपराध ठेवला की आरोप. बंदुकीच्या नळीत दारू ठासली की तोही ‘चार्ज’. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा काचेच्या बरणीत वीज साठविण्याच्या क्रियेला ठासणीच्या बंदुकीवरून हाच शब्द चालू लागला. आणि बेंजामिन फ्रँक्लिनने १७४९ सालच्या एका पत्रात वीज साठविणाऱ्या काचांच्या रांगेला तोफांच्या मोर्चाचे ‘बॅटरी’ हे नाव दिले. आज खिशातल्या दूरध्वनीची बॅटरी चार्ज करणाऱ्या माणसाला आपण दोन लष्करी शब्द वापरीत आहोत, ह्याची कल्पनाही नसते.

लष्करातला चढाईचा अर्थ वरवर पाहता ह्या कुळातला वाटत नाही. पण शत्रूवर शस्त्र रोखणे आणि मग सगळ्या वजनानिशी त्याच्या अंगावर कोसळणे, अशा पायऱ्यांनी तोही तेथूनच आलेला आहे. जुन्या पिढीतील इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाच्या पाठ्यपुस्तकात टेनिसनची ‘लाइट ब्रिगेड’वरील कविता असे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या रणांगणावर साडेसहाशेंच्या वर घोडेस्वारांनी तोफांच्या तोंडी जो ‘चार्ज’ केला, त्याच्या मुळाशी लेखी हुकमातली संदिग्धता होती, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाई. कोणत्या तोफा, हे त्या चिठ्ठीत स्पष्ट नव्हते. कागदावरचा संदिग्ध शब्द माणसे मारू शकतो, ह्याचे इतके ठसठशीत उदाहरण इतिहासात फार नसेल. आणि ज्यांच्या हातून रोज हुकूम लिहिले जातात त्यांनी ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता समानार्थी शब्दांकडे वळू. पीटर मार्क रॉजे ह्या वैद्यकव्यवसायी विद्वानाने १८५२ मध्ये आपला ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. वर्णानुक्रम सोडून, कल्पनांच्या हजार शीर्षकांखाली त्याने इंग्रजी शब्द मांडले. अशा ग्रंथात ‘चार्ज’सारख्या शब्दाला एक घर मिळूच शकत नाही. किमतीच्या शीर्षकाखाली तो शुल्क, भाडे, जकात ह्यांच्या पंक्तीला बसतो. आरोपाखाली दोषारोपाच्या शब्दांत. हल्ल्याखाली चढाई-मुसंडीच्या शब्दांत. आणि कर्तव्याखाली विश्वास, सांभाळ, ताबा ह्यांच्या सोबत. पण गंमत अशी की, ह्या सोबत्यांपैकी एकही त्याच्याबरोबर दुसऱ्या घरात जात नाही. इंग्रजीत वैद्य-वकिलाला द्यावयाची ती ‘फी’, प्रवासाचे ‘फेअर’, पुलावर किंवा रस्त्यावर द्यावयाचा तो ‘टोल’. ह्यांपैकी एकाचाही आरोपाशी किंवा चढाईशी संबंध नाही. म्हणजे ‘चार्ज’चे समानार्थी शब्द पुष्कळ आहेत, पण ‘चार्ज’ला समानार्थी असा शब्द एकही नाही. समानार्थी शब्द हा शब्दाचा नसतो, त्याच्या एका अर्थाचा असतो. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे भाषांतरात जितके घोटाळे होतात तितके अज्ञानामुळे होत नसतील.

मग इंग्रज वाचक गोंधळत का नाही? कारण अर्थ एकट्या शब्दात राहत नाही, तो शब्दाच्या संगतीत राहतो. इंग्रजीत ही संगत शब्दयोगी अव्ययांची आणि उपपदांची. एखादी परिचारिका रुग्णाची ‘इन चार्ज’ असते तेव्हा ती सांभाळणारी असते. आणि रुग्ण जेव्हा तिच्या ‘इन द चार्ज’ असतो तेव्हा तो सांभाळला जाणारा असतो. एवढ्याशा ‘द’ने राजा आणि रयत ह्यांची अदलाबदल होते. पण काही जागी ही संगतही काम देत नाही, आणि नेमकी तीच जागा आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. अमुक कर्तव्य ज्याच्याकडे सोपविले तो त्या कर्तव्याने ‘चार्ज्ड’, आणि अमुक चोरीचा ज्याच्यावर आळ आला तोही त्या चोरीने ‘चार्ज्ड’. वाक्याची रचना तीच, क्रियापद तेच, अव्यय तेच. इंग्रजी व्याकरणाने अधिकारी आणि आरोपी ह्यांना एकाच पाटावर बसविले आहे.

भारतीय संविधानातही ह्या शब्दाची ही दुहेरी चाल दिसते. अनुच्छेद ३११ अन्वये सरकारी सेवकाला बडतर्फ करण्यापूर्वी, काढून टाकण्यापूर्वी किंवा पदावनत करण्यापूर्वी त्याच्यावरील ‘चार्जेस’ त्याला कळवून बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. येथे तो शब्द आरोपाचा. अनुच्छेद ११२ मध्ये तोच शब्द पैशाचा होतो, आणि तोही दोन परींनी. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, महालेखापरीक्षकांचे वेतन हा खर्च देशाच्या संचित निधीवर ‘चार्ज्ड’, म्हणजे संसदेच्या मतदानावर न सोडता थेट निधीच्या माथी ठेवलेला. आणि त्याच यादीत सरकारी कर्जावरील व्याजादी देण्यांनाही ‘चार्जेस’ म्हटले आहे. तेव्हा एकाच अनुच्छेदात ‘चार्जेस’ हे ‘चार्ज’ झालेले आहेत. हिशेबखात्यातील आमच्या वाचकांना ह्यात काही वावगे वाटणार नाही. पण भाषांतरकाराला विचारावे म्हणजे तो काय ते सांगेल.

आता मराठीकडे येऊ. मराठीने ह्या शब्दापुढे जे प्रतिशब्द उभे केले, त्यांची परीक्षा करणे हा ह्या लेखाचा मुख्य हेतू आहे.

अधिकाराच्या अर्थी आपल्याकडे ‘पदभार’ आणि ‘कार्यभार’ रूढ झाले आहेत. दोन्ही उत्तम आहेत. कारण दोहोंत मूळचे ओझे शाबूत आहे. ‘भार’ हा शब्द मराठी कानाला नुसता वजनाचा वाटत नाही. खायला काळ अन् भुईला भार, ही म्हण कार्यालयातल्या काही खुर्च्यांकडे पाहून कोणाला आठवली नसेल? पद घेतले पण भार घेतला नाही, असे अधिकारी जोवर आहेत तोवर ‘पदभार’ ह्या शब्दातला उत्तरार्ध कोणी विसरू नये. ‘कारभार’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यातही आम्हांला तोच भार ऐकू येतो.

ह्याच अर्थाचा एक जुना शब्द आपण जवळजवळ गमावला आहे, तो म्हणजे ‘हवाला’. अरबीतून फारसीवाटे आलेल्या ह्या शब्दाचा एक अर्थ सोपवणूक, ताबा असा. आणि ज्याच्याकडे हवाला तो ‘हवालदार’. म्हणजे अक्षरशः चार्ज बाळगणारा. शिवकालात गडाचा हवालदार ही मोठ्या विश्वासाची जागा होती. गडाच्या किल्ल्या त्याच्यापाशी असत. पुढे शब्द पायऱ्या उतरत गेला आणि पोलीस दलातल्या खालच्या हुद्द्यावर येऊन थांबला, तर नुसता ‘हवाला’ चोरट्या पैशाच्या व्यवहाराला चिकटला. ‘हवाली करणे’ ह्या प्रयोगात तेवढा जुना अर्थ जिवंत आहे. राज्यकारभाराचे शब्द बदलण्याचा प्रयत्न शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’पासून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी करविलेल्या १९३१ च्या ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’पर्यंत होत आला आहे. हवालदाराची ही उतरंड सांगते की, शब्द ठरविणारे एक असतात आणि त्यांचे भवितव्य ठरविणारे दुसरेच असतात.

‘प्रभारी’ ह्या शब्दाविषयी मात्र परप्रांतातील मराठी माणसाने सावध राहिले पाहिजे. महाराष्ट्रात ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हटले की, कायमची नेमणूक होईपर्यंत काम पाहणारा, असा अर्थ निघतो; त्या शब्दात तात्पुरतेपणाची छाया आहे. हिंदी प्रांतांत ‘थाना प्रभारी’ हा त्या ठाण्याचा पुरता धनी असतो. बंगालीत त्याच पदाला ‘भारप्राप्त’ असे सुंदर विशेषण आहे. भोपाळहून पुण्यास पत्र लिहिताना आपल्या नावाखाली ‘प्रभारी’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने, पुणेकर आपल्याला उद्या जाणारा पाहुणा समजतील, हे गृहीत धरून चालावे.

पैशाच्या अर्थी मराठीने योजलेला ‘आकार’ हा शब्द आम्हांला फार आवडतो. जमिनीच्या साऱ्याची ‘आकारणी’ हा आपल्या महसुलाचा जुना शब्द. त्यातून तो महाराष्ट्रातल्या विजेच्या देयकावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वहन आकार’ म्हणून छापला जाऊ लागला. पण हे केवळ मराठीचे धन आहे. हिंदी जाणणाऱ्याला ‘आकार’ म्हणजे केवळ आकृती. ‘स्थिर आकार’ हे शब्द वाचून तो एखाद्या मूर्तीची कल्पना करील. उलट विजेच्या शास्त्रात हिंदीने ‘चार्ज’ला ‘आवेश’ म्हटले आहे, आणि तो शब्द मराठी विद्यार्थ्याला संतापलेला वाटतो. आमची मुले परप्रांतात हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकतात, तेव्हा ह्या दोन शब्दांचे भांडण घराघरांत उभे राहते. मराठी पाठ्यपुस्तकांतला ‘प्रभार’ येथे अधिक थंड डोक्याचा व म्हणून अधिक शास्त्रीय आहे.

चढाईच्या अर्थी मराठीने एक विलक्षण गोष्ट केली आहे, आणि ती हेतुपुरस्सर केली असेल असे आम्हांला वाटत नाही. इंग्रजी वृत्तपत्र ‘लाठी चार्ज’ लिहिते. त्या शब्दात हालचाल आहे ती पोलिसांची. ते पुढे सरसावले एवढेच तो सांगतो, लाठी कोणाच्या पाठीवर पडली की नाही ह्याविषयी तो मूक आहे. हिंदीने तो जसाच्या तसा उचलला. मराठीने मात्र ‘लाठीमार’ केला, आणि त्या एका बदलाने बातमी ज्याच्या पाठीवर वळ उठला त्याच्या बाजूने सांगितली जाऊ लागली. म्हणूनच अधिकृत पत्रकातला ‘सौम्य लाठीमार’ हा प्रयोग मराठीत हास्यास्पद होतो. सौम्य चढाई संभवते, सौम्य मार कसा संभवेल? भाषांतर चुकल्यामुळे सत्य जवळ आले, असे हे दुर्मिळ उदाहरण होय.

आरोपाच्या अर्थाकडे आम्ही मुद्दाम शेवटी आलो आहोत. ‘आरोप’ हा संस्कृत शब्द वर चढविणे, ठेवणे ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला. झाड लावण्याला आपण ‘वृक्षारोपण’ म्हणतो ते त्याच मुळावरून. म्हणजे लॅटिनच्या गाडीवानाने जे केले तेच संस्कृतच्या वैय्याकरणानेही केले: दोष ही जणू एक वस्तू आहे, आणि ती कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर आणून ठेवते. मराठी बोलीही तेच सांगते. आळ ‘घेतला’ जातो, ठपका ‘ठेवला’ जातो, गुन्हा ‘माथी मारला’ जातो. ह्या सर्व प्रयोगांत एक न्यायबुद्धी दडलेली आहे. जे ठेवले जाते ते उचलताही येते. जे चढविले ते अजून त्या माणसाचे झालेले नाही.

ही न्यायबुद्धी व्यवहारात कितपत टिकते, हा खरा प्रश्न आहे. पोलीस तपास संपवून न्यायालयाला जो अहवाल देतात त्याला आपण ‘चार्जशीट’ किंवा ‘दोषारोपपत्र’ म्हणतो. आणि तो अहवाल पाहून न्यायालय आरोपीवर जो आरोप निश्चित करते तो खरा ‘चार्ज’. ह्या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, आणि दोहोंच्या मध्ये माणूस सुटू शकतो. पुरेसा आधार नसेल तर न्यायालय आरोप ठेवण्यापूर्वीच त्याला ‘डिस्चार्ज’ करते. खटला पुरा चालून निर्दोष ठरणे ही त्याहून वेगळी गोष्ट. पहिलीला ‘आरोपमुक्ती’, दुसरीला ‘निर्दोष मुक्तता’ असे दोन स्वच्छ शब्द मराठीत आहेत. तरीही बातमीत दोन्ही सरमिसळ छापले जातात. आणि त्याहून वाईट म्हणजे चार्जशीट दाखल झाल्याचे वृत्त वाचून शेजारी त्या माणसाला दोषी ठरवून मोकळे होतात. ज्याच्या दारात हे घडले असेल त्याला शब्दाची किंमत कोशात पाहावी लागत नाही.

ह्या शब्दाच्या दोन अर्थांची एकाच खटल्यात गाठ पडल्याचे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. नौदलातील कमांडर नानावटी ह्यांच्यावर १९५९ मध्ये खुनाचा ‘चार्ज’ होता. खटल्याच्या अखेरीस सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला उद्देशून पुरावा व कायदा ह्यांचे जे विवेचन केले, त्यालाही इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत ‘चार्ज’च म्हणतात, कारण त्याने निर्णयाचे ओझे ज्यूरीच्या शिरावर ठेवले जाते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना तो कौल मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि तेथे ह्या दुसऱ्या ‘चार्ज’मध्येच ज्यूरीची दिशाभूल करणाऱ्या चुका राहिल्याचे ठरले. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. पहिला चार्ज आरोपीवरचा, दुसरा ज्यूरीवरचा. दुसरा सदोष ठरला म्हणून पहिल्याचा निकाल फिरला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही, आणि त्याबरोबर ‘चार्ज’चा हा एक अर्थ आपल्या देशातून बहुतेक अस्तंगत झाला. शब्दांचे अर्थ असेही मरतात. कोणी ते कोशातून खोडीत नाही, ज्या खोलीत ते बोलले जात ती खोली बंद होते.

येथे एक आक्षेप येईल तो आम्हांस दिसतो आहे. इतके प्रतिशब्द लक्षात ठेवण्यापेक्षा सरळ ‘चार्ज’च का म्हणू नये? तो मराठी माणसाच्या तोंडी बसला आहे. ‘चार्ज घेतला’ हे खेड्यातल्या तलाठ्यालाही कळते. आणि टेबल, स्टेशन ह्यांना जागा देणाऱ्या भाषेने ह्याच्यावरच रुसावे असे काय आहे? आक्षेप खोटा नाही. आम्ही शुद्धिवादी नव्हे. ‘चार्जर’ला दुसरा शब्द शोधण्याचा खटाटोप आम्ही कोणालाही सुचविणार नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात योहानाचे शिर ‘चार्जर’वर आणल्याचे वर्णन आहे, तेथे त्या शब्दाचा अर्थ मोठे तबक असा आहे. आजच्या इंग्रज मुलालाही ते समजावून सांगावे लागत असेल. शब्द वस्तूंच्या मागे जातात, त्याला इलाज नाही.

परंतु वस्तूंचे नाव आणि माणसामाणसांतल्या संबंधाचे नाव ह्यांत आम्ही भेद करतो. टेबलाला कोणीही काहीही म्हणावे, टेबलाचे काही बिघडत नाही. ‘चार्ज’ हा शब्द जेथे कोणाच्या अंगावर काही ठेवतो, तेथे काय ठेवले हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कळणे हा त्याचा हक्क आहे. इंग्रजीत त्याचा उलगडा करणारी अव्यये आहेत. मराठीत तो शब्द आला तेव्हा ती बरोबर आली नाहीत. मराठीत सगळा भार पडला तो आपल्या प्रत्ययांवर आणि क्रियापदांवर. ‘त्यांच्याकडे चार्ज आहे’ म्हटले की माणूस अधिकारी होतो, आणि ‘त्यांच्यावर चार्ज आहे’ म्हटले की आरोपी. ‘कडे’ आणि ‘वर’ ह्या दोन इवल्या शब्दांवर एखाद्याची अब्रू लोंबकळत ठेवावी, आणि तीही घाईने लिहिलेल्या कार्यालयीन टिपणीत, हे आम्हांला सुरक्षित वाटत नाही. ‘पदभार’ आणि ‘आरोप’ लिहिले असता ही शंकाच उद्भवत नाही.

दोष कोशांचा आहे असेही नव्हे. मोल्सवर्थ आणि कँडी ह्यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहावा. एकेका इंग्रजी शब्दापुढे अर्थागणिक मराठी शब्दांच्या रांगा उभ्या आहेत. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेल्या परिभाषा कोशांतही अर्थभेद दाखविलेले आहेत. उणीव आहे ती वापरणाराच्या धीराची. तो पहिला शब्द उचलतो आणि कोश मिटतो.

मराठीने ‘चार्ज’च्या काही अर्थांत इंग्रजीवर मात केली आहे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. ‘डिस्चार्ज’ म्हणजे भार उतरविणे. कर्तव्याचा, कर्जाचा, बंदुकीचा, रुग्णाचा, सगळ्यांचा. मराठीत कृतज्ञतेच्या ऋणातून माणूस ‘उतराई’ होतो. ओझे उतरले, ह्याहून त्यात वेगळे काही नाही. पण ‘उतराई’ हा शब्द उच्चारताच जो ओलावा येतो तो इंग्रजीच्या हिशेबी शब्दाला कधी येणार नाही. तसेच ताणलेल्या सभेला इंग्रज ‘चार्ज्ड’ म्हणतो तेव्हा त्याला विजेची आठवण होते; मराठी माणूस ‘भारलेली’ म्हणतो तेव्हा त्याला मंत्राची आठवण होते. साप भारणारा मांत्रिक आणि प्रयोगशाळेतला फ्रँक्लिन एकाच ‘भारा’शी येऊन मिळावेत, हा योगायोग कोणत्याही कोशकाराने घडविलेला नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच आहे. लेखणीच्या टोकाशी ‘चार्ज’ येईल तेव्हा क्षणभर थांबून तीन गोष्टी विचाराव्यात: ठेवले कोणी, ठेवले कोणावर, आणि ठेवले काय? काम ठेवले असेल तर पदभार किंवा कार्यभार. दोष ठेवला असेल तर आरोप. पैसा ठेवला असेल तर आकार. मतदानाविना निधीवर खर्च ठेवला असेल तर भारित. आणि ठेवलेच काही नसेल, केवळ भिंतीतल्या खोबणीत तार खुपसली असेल, तर खुशाल चार्ज म्हणावे. परप्रांतातील आमच्या वाचकांना आपापल्या ठिकाणच्या कार्यालयीन भाषेत, कन्नडमध्ये, तेलुगूत, ओडियात ह्या शब्दाचे काय केले गेले आहे हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. त्यांनी ते कळविल्यास पुढील एखाद्या अंकात त्यांचा तुलनात्मक परामर्श घेण्याचा आमचा मानस आहे.